नखरा नंबर सव्वीस

दौलत मिस्त्रीचा हात थरथरतो, असं एखाद्या माणसानं म्हटलं असतं तर शिरोलीच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीनं त्याला वेड्यात काढलं असतं. पण हे माणसानं म्हटलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या एका विटेनं म्हटलं होतं, आणि विटेशी भांडायचं कसं हे दौलतला कुणी शिकवलं नव्हतं.

दौलत चौगुले, वय अठ्ठावन्न, साचे करणारा मिस्त्री. कोल्हापूरच्या वेशीवरची 'खोपा' ही कंपनी पोरांसाठी एकमेकींत बसणाऱ्या विटा बनवायची. त्या विटा ज्या पोलादी साच्यांतून निघत, त्या साच्यांवर शेवटचा हात दौलतचा. कापायचं काम यंत्र करी. मग दौलत बांबूच्या काडीला हिऱ्याची पेस्ट लावून आतली भिंत अशी घासायचा, की वीट विटेला घट्ट धरेल आणि पाच वर्षांच्या पोराला ती सोडवताही येईल. ह्याला धंद्यात 'पकड' म्हणतात. केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा इकडचा तिकडे झाला की वीट एक तर गळून पडते, नाही तर दातांनी ओढावी लागते. २०३९ साल उजाडलं, यंत्रं कुठल्या कुठं गेली, पण ती पकड दौलतच्या बोटांतच राहिली होती. त्याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

साधी वीट म्हणजे गरीब गाय, कुठंही बांधा. पण काही नग एकाच कामासाठी जन्माला येतात. हत्तीची सोंड, रॉकेटचं बूड, बैलगाडीचं जू, मोराची मान. साचा करताना हे नग जीव खात, म्हणून टूलरूममध्ये त्यांना 'नखरे' म्हणायचे आणि प्रत्येकाला नंबर असायचा. मजा अशी, की पोरं ह्या नखऱ्यांना जन्माचं काम सोडून भलतंच काम लावायची. जेवणघराकडे जाणाऱ्या भिंतीवर कंपनीनं असे फोटोच लावले होते. सोंडा उलट्या जोडून केलेलं कमळ, जू आडवं लावून केलेली राजाची मिशी. खाली पोराचं नाव आणि गाव. जाता-येता दौलत ती भिंत बघायचा आणि हसायचा.

त्या पोरांच्या वरताण त्याची बायको वैजयंता होती. ती घरी ब्लाउज शिवायची, आणि तिच्या हातची काजं-बटणं राजारामपुरीपर्यंत नावाजलेली. दौलतनं आणलेल्या नखऱ्यांतून वर्षभरात तिनं काय काय करून ठेवलं होतं! सोंड शिलाई मशीनच्या सुईमागं अशी बसवली होती की दोरा सोंडेत घातला की आपसूक नाकातून निघायचा. रॉकेटचं बूड कुलपाच्या भोकावर चिकटवलं होतं, किल्ली कशीही नेली तरी घसरत भोकातच जाई. चहाच्या कपाखाली ट्रॅक्टरच्या चाकाची रुंद कड लावली होती, म्हणजे कप कलंडायचा नाही. दौलत हे पाहुण्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, डोकं माझ्यापेक्षा हिचंच चालतंय.

फक्त हल्ली वैजयंता जरा आळसावली आहे, असा त्याला संशय होता. हळदीकुंकवाला जायचं टाळायची. पाहुणे आले की चहा त्यालाच ओतायला लावायची. आणि सकाळचा डबा! कंपनीची बस सव्वासातला चौकात येई. हा बूट घालून दारात उभा, आणि आत हिचं काहीतरी खुटखुट चालूच. त्या मंगळवारीही तेच झालं.

"झालं का न्हाई? बस काय माझ्या सासऱ्याची हाय थांबायला?" त्यानं दारातून हाक दिली.

झालं, झालं म्हणत तिनं डबा आणून दिला. दौलत पुटपुटत निघाला आणि बस मिळालीही.

त्याच दिवशी सकाळी दहा वाजता त्याला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं.

आता ह्या विटांचं थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं डोक्यावरून जाईल. सहा महिन्यांपूर्वी खोपानं 'जाणत्या विटा' काढल्या. काही पदार्थ असे असतात की दाबले की त्यांत कणभर वीज उपजते. त्याचा पातळ पापुद्रा विटेच्या पोटात घालायचा, शेजारी मोहरीएवढी चिप. वीट दुसऱ्या विटेत दाबली की त्या दाबाच्याच विजेवर चिप जागी होते, दाब कसा चढला, कसा उतरला, किती प्रयत्नांत नग बसला हे टिपते आणि पुन्हा झोपते. बॅटरी नाही, घड्याळ नाही. त्यामुळं काय कितव्यांदा घडलं ते विटेला माहीत असतं, पण कधी घडलं ते नाही. टेबलावर वाचणारी पाटी ठेवली की तीन-चार फुटांतल्या सगळ्या विटा आपली हकीकत तिला सांगून मोकळ्या होतात. पोरांना कुठला नखरा जड जातो आणि कुठला ती भलतीकडे वापरतात, एवढंच कंपनीला जाणून घ्यायचं होतं. पण विटा भलतंच सांगू लागल्या. प्रत्येक हाताची दाबायची तऱ्हा निराळी, आणि दुखणाऱ्या हाताची तर फारच निराळी. मेंदूचे काही आजार डॉक्टरला दिसायच्या आधी चार-पाच वर्षं बोटांना कळतात. ते विटांनी ओळखायला सुरुवात केली होती.

मग कंपनीनं आपल्याच बारा कामगारांवर चाचणी लावली. बारा पेट्या, बारा नंबर. जेवण झालं की जेवणघरातल्या ठरलेल्या जागी बसून, पाटीशेजारी अर्धा तास काहीही बांधायचं. दौलतचा नंबर सात. तो रोज नेमानं बांधायचा, कारण ह्या पेट्यांसाठी नव्यानं केलेल्या सव्वीस नंबरच्या नखऱ्याचा, म्हणजे मोराच्या मानेचा, साचा त्यानंच घासला होता.

वरच्या खोलीत दोघं बसले होते. एक अवनी देवधर, पुण्याहून आलेली, विटांचं बोलणं वाचणारी. दुसरा सागर इंगवले, टूलरूमचा प्रमुख. पंधरा वर्षांपूर्वी हाच सागर कानस कशी धरायची ते दौलतकडे शिकला होता आणि आता त्याचाच साहेब झाला होता.

अवनीनं आडपडदा न ठेवता सांगितलं. सात नंबरच्या नोंदींत थरथर आहे. नग धरून थांबताना हात सेकंदाला चार ते पाच वेळा हलतो, आणि एकामागून एक प्रयत्नात दाबाचा जोर ओसरत जातो. कंपवाताची ही सुरुवात असू शकते. वीट म्हणजे डॉक्टर नव्हे, पण काका, तपासणी करून घ्या. लवकर कळलं तर औषधांनी आणि व्यायामानं हात बरीच वर्षं ताब्यात ठेवता येतो.

सागर मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, की तपासणी होईपर्यंत साच्याचं काम थांबवावं लागेल, नियम आहे. स्टोअरमध्ये बसा तोवर.

दौलतनं उजवा हात टेबलावर सरळ धरला आणि बोटांच्या टोकांवर कागदाचा कपटा ठेवला. कपटा हलला नाही.

"इथं काय हलतंय, दाखव मला," तो सागरला म्हणाला.

सागरनं नजर खिडकीकडं वळवली. आणि तिथंच दौलतच्या मनात पाल चुकचुकली.

गेल्याच आठवड्यात टूलरूमच्या मागं ताडपत्रीखाली एक भलीमोठी पेटी येऊन पडली होती. आत यंत्राचा हात आहे, अशी कुजबुज होती. आता यंत्राचा हात आला की माणसाचा हात नको, हे कळायला काय पंचांग लागतं? पण दौलतला सरळ काढलं तर टूलरूम पेटून उठेल. त्यापेक्षा त्याचा हातच बाद ठरवा. साप भी मरे, लाठी भी न टूटे. आणि हे सुचणार कुणाला? ज्याला दौलतचं सगळं माहीत होतं, त्यालाच. शिकवून शहाणा केला आणि वस्तरा माझ्याच मानेवर, असं दौलतनं मनातल्या मनात म्हटलं आणि अवनीकडं नोंदींचा सगळा कागद मागितला. तो तुमचा हक्कच आहे, असं म्हणून तिनं चोवीस पानं काढून दिली.

ती पानं घेऊन तो आपल्या टेबलाशी बसला. साच्यात चूक शोधायची त्याची एक रीत होती. चकाकणाऱ्या भागाकडं बघायचंच नाही, कोपऱ्यांपासून सुरुवात करायची. तसंच त्यानं कागदाचं केलं आणि तासाभरात त्याला तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, थरथर सगळ्या विटांत नव्हती. फक्त सव्वीस नंबरच्या एका नगात होती. दुसरी, पेटीत मोराच्या माना तीन होत्या, त्यानं स्वतः मोजून घेतल्या होत्या. कागदावर चार दिसत होत्या. थरथर होती ती ह्या चौथीत. आणि तिसरी सगळ्यांत मोठी. त्या चौथ्या नगाच्या नोंदी जोडीजोडीनं होत्या. एकदा लावला, एकदा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. लावताना प्रत्येक वेळी थरथर. काढताना एकदाही नाही.

दौलत खुर्चीवर मागं रेलला. असला कुठला आजार असतो, जो लावताना होतो आणि काढताना बरा होतो? हे एका माणसाचं काम नव्हे. लावणारा एक होता आणि काढणारा दुसरा. म्हणजे कुणीतरी मुद्दाम हात हलवत लावत होता आणि कुणीतरी तो नग काढून ठेवत होता. चोर चुकला होता. चौथी मोराची मान सापडली की सागरची मान हातात आली, असा त्यानं हिशोब मांडला.

बारा वाजता सागर माल बघायला शेजारच्या शेडमध्ये गेला. दौलत सरळ त्याच्या टेबलाशी गेला आणि खण उघडला. अठ्ठावन्न वर्षांत त्यानं दुसऱ्याच्या खणाला हात लावला नव्हता. कानशिलं तापली होती, पण हात मात्र, बघा, तेव्हाही थरथरला नाही.

खणात कागद होते, कॅलिपर होता, आणि मागच्या कोपऱ्यात कुंकवाची जुनी डबी होती. चौथा नग ह्यातच, असं म्हणत त्यानं झाकण फिरवलं.

आत एक पिवळी वीट होती. साधी, आठ टोकांची, पंधरा वर्षांपूर्वीच्या मालातली. तिच्यावर हळदीकुंकवाचा वाळलेला डाग होता.

दौलतनं ती लगेच ओळखली. सागरनं आयुष्यात पहिला साचा घासला, त्या साच्यातून पडलेला हा पहिला नग. टूलरूमची जुनी रीत होती. नव्या साच्यातला पहिला नग भंगारात टाकायचा नाही. मिस्त्रीनं तो खिशात घालून घरी न्यायचा, देवापुढं ठेवायचा, हळदीकुंकू लावायचं आणि मग घरच्या बाईच्या हातात द्यायचा. कंपनीचा नियम म्हणे नग बाहेर जाता कामा नये, पण ही रीत नियमाच्या आधीची. सागरची आई वारली होती, लग्न झालं नव्हतं, म्हणून दौलतनंच ती वीट आपल्या देव्हाऱ्यात ठेवून कुंकू लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सागरच्या हातात दिली होती. पोरानं ती पंधरा वर्षं जपली होती.

दौलतनं झाकण लावलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी जमिनीत गडप व्हावं अशी. आणि त्या लाजेतच त्याला दुसरं आठवलं.

सव्वीस नंबरच्या साच्याचा पहिला नग त्यानंही घरी नेला होता.

आयुष्यभर पहिला नग म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. त्यामुळं ह्या नगाच्या पोटात चिप आहे हे खिशात घालताना त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. चाचणीच्या पेट्यांचे नग पाडताना साच्यात पहिल्या चिपा सात नंबरच्या पेटीच्या भरल्या होत्या, साचा त्याचा म्हणून मान त्याचा. मोराची मान घरी गेली, देवापुढं राहिली, मग वैजयंताच्या हातात गेली. आणि पुढं?

जेवणाची घंटा झाली. दौलत जेवणघरात सात नंबरच्या जागी बसला. पाटी समोर होती. त्यानं पिशवीतून डबा काढून पाटीशेजारी ठेवला, रोज ठेवायचा तिथंच, आणि त्याच्याकडं पाहिलं.

डब्याचा लोखंडी खटका चार महिन्यांपूर्वी बदलला होता. जुना फार ताठ झालाय, असं वैजयंता म्हणाली होती. डब्याच्या दोन्ही कानांना तिनं एकेक साधी वीट चिकटवली होती आणि दोन्ही विटांना धरणारी, मध्ये वाकणारी अशी मोराची मान बसवली होती. एका अंगठ्यानं दाबली की डबा बंद. जेवण झालं की रिकामा डबा दौलत खटका न लावताच पिशवीत टाकायचा. काय डोकं चालवलंय, म्हणून त्यानं तो खटका जेवताना चौघांना दाखवलाही होता.

लावणारा एक होता. काढणारा दुसरा.

त्यानं खटका उघडला. एकाच झटक्यात तो सुटला, रोजच्यासारखा. आत भाकरी होती, पावट्याची उसळ होती. दौलतनं डबा तसाच बाजूला सारला.

चार वाजता त्याला वर जाऊन उत्तर द्यायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. हा हात माझा नव्हे, माझ्या बायकोचा. झालं! नाव स्वच्छ, साच्याचं काम परत. पण कात्री धरणाऱ्या बाईचा हात थरथरतो, हे एकदा ह्या भिंतींच्या आत लिहिलं गेलं की राजारामपुरीपर्यंत जायला किती वेळ? आणि जी गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती, ती तिला न विचारता त्यानं चारचौघांत कशी सांगायची? तो वर गेला आणि एक दिवसाची मुदत मागितली. अवनीनं लगेच दिली, आणि त्यानं मागितलं म्हणून त्या दिवशी दुपारपर्यंतच्या नोंदींचं पानही. सागर म्हणाला, घरी जा मिस्त्री, सोडायला येऊ का? दौलतला त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही.

दुपारच्या पाळीच्या बसमध्ये त्यानं ती चोवीस पानं पुन्हा काढली, आणि हे नवं पानही. सकाळी चोर शोधायच्या नादात एक रकाना त्यानं वरवर बघून सोडला होता. नग बसायला किती प्रयत्न लागले, त्याचा रकाना. काढताना सगळीकडं एक, एक, एक. तो त्याचा स्वतःचा हात. आणि लावताना पहिले काही दिवस एक. मग दोन. मग तीन-चार. गेल्या महिन्यात सहा, सात. शेवटच्या ओळीत, म्हणजे आज सकाळी, अकरा.

अकरा वेळा तिनं तो खटका दाबला होता. अकरा वेळा तो निसटला आणि पुन्हा धरला, आणि नेमका तेव्हा हा दारात उभा राहून बस काय सासऱ्याची, म्हणून ओरडत होता.

कागद त्यानं घडी करून खिशात घातले. उरलेला रस्ता तो खिडकीबाहेर बघत होता, पण काय दिसलं ते त्याला सांगता आलं नसतं.

दार उघडंच होतं. वैजयंता मशीनशी पाठमोरी बसली होती, जरा कलती. डाव्या हातात कापड होतं. उजवा हात मांडीवर पडला होता, आणि त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर सारखं फिरत होतं, चिमूटभर कुंकू मळावं तसं. तिचं त्याच्याकडं लक्षही नव्हतं. मग तिनं दोरा उचलून सोंडेत घातला, आणि तो पलीकडून बरोबर निघाला.

दौलतची नजर खोलीभर फिरली. सोंड. कुलपावरचं रॉकेटचं बूड. कपाखालची चाकाची कड. ह्यातलं काही हौसेनं केलेलं नव्हतं. एक काम हातातून निसटू लागलं की ती एक नखरा उचलायची आणि त्या कामाला टेकू द्यायची. वर्षभर एकटीनं ती हे करत होती, आणि हा पाहुण्यांना कौतुकानं दाखवत होता. केसाच्या पाचव्या हिश्शाची चूक पकडणारा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"कधीपास्नं?" त्यानं विचारलं.

ती दचकली. हात झटकन कापडाखाली गेला. पण काय कधीपासून, असं तिनं विचारलं नाही.

"मागल्या नवरात्रात घटाला माळ बांधताना पहिल्यांदा कळलं," ती म्हणाली.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"वाट बघत होते. तुमची नजर एवढी बारीक, म्हटलं आज दिसंल, उद्या दिसंल."

दौलतला रडू फुटलं. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तो घळघळा रडला, आणि वैजयंताच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली, तोच हात.

नंतर त्यानं सगळं सांगितलं. विटा, कागद, सागरवरचा संशय, अगदी उघडलेल्या खणासकट. खणाचं ऐकून ती मात्र रागावली. त्या पोराची उद्या माफी मागायची, म्हणाली. डॉक्टरकडं जायला ती लगेच तयार झाली. तिला वाटत होतं की हे वयाचं आहे आणि ह्याला औषध नसतं. असतं, आणि लवकर गेलं तर बरंच काम करतं, हे ऐकल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. कंपनीत खरं ते सांगा, माझ्यापायी तुम्ही स्टोअरमध्ये बसायचं नाही, असंही तिनं बजावलं. गिऱ्हाइकांना ती स्वतः सांगणार होती. राहतील त्या राहतील.

"पण दोन गोष्टी हायत," ती म्हणाली. "त्या भिंतीवर माझा खटका लावायचा. खाली माझं नाव. आजाराचं नाव न्हाई, माझं."

"आणि दुसरी?"

"डबा मीच लावणार. तुम्ही मदतीला यायचं न्हाई, आणि घाई करायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी दौलतनं वर जाऊन सगळं सांगितलं. खणाचं आधी. सागर ऐकत राहिला. मग हसल्यासारखं करून म्हणाला, की ताडपत्रीखालची पेटी पॅकिंगवाल्यांची आहे मिस्त्री, विचारलं असतं तर दाखवली असती. दौलतनं कान पकडले. माफी मिळाली, साच्याचं कामही परत मिळालं, पण सागरचे डोळे थोडा वेळ लालच होते.

अवनीनं त्याच्यादेखत चौथ्या नगाच्या सगळ्या नोंदी पुसल्या आणि पुसल्याचा कागद दिला. दौलतनं तो दोनदा वाचला. दुसरीकडं कुठं प्रत नसेल ना, असं विचारलं. नाही, असं ती म्हणाली. पोरगी खरी वाटत होती. पण पोरगी आज इथं आहे, उद्या तिच्या जागी कोण येईल आणि बारा कामगारांच्या नोंदींचं कोण काय करील, हे देवालाच ठाऊक. कालपर्यंत दौलत नको त्याच्यावर संशय घेत होता. आता घ्यायचा तिथं घ्यायला शिकला होता.

म्हणून त्यानं डबा आपल्या टेबलावर घेतला. मोराची मान काढली, चिमट्यात धरली आणि सर्वांत बारीक ड्रिल लावलं. भिंगातून बघत त्यानं पोटातली मोहरीएवढी चिप अलगद बाहेर काढली. पकडीच्या कडेला ओरखडाही आला नाही. टूलरूममधले सगळे काम थांबवून बघत होते. चिप त्यानं ऐरणीवर ठेवून हातोड्याचा एक घाव घातला आणि नखरा परत खटक्यात बसवला. त्याची पकड जरा सैल करावी, असं त्याच्या मनात आलं. मग, विचारल्याशिवाय नको, म्हणून त्यानं काडी खाली ठेवली. त्याच दुपारी खटक्याचा फोटो भिंतीवर लागला. कमळाच्या आणि मिशीच्या मधोमध. खाली लिहिलं होतं, वैजयंता चौगुले, कोल्हापूर.

गुरुवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दौलत बूट घालून दारात उभा राहिला. आतून खुट असा आवाज आला, आणि काहीतरी निसटलं. एक, त्यानं मनात म्हटलं. पुन्हा खुट. दोन. आता मोजणारी चिप नव्हती, पाटी नव्हती. मोजणारा तो एकटाच होता.

सात वेळा झालं. चौकात बसचा हॉर्न वाजला. दौलतचं पाऊल आत जायला उचललं, आणि त्यानं ते पुन्हा होतं तिथं ठेवलं. आठ. नऊ. बस गेल्याचा आवाज आला.

बाराव्या वेळी खटका बसला. वैजयंता डबा घेऊन आली. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"गेली न्हवं बस?" तिनं विचारलं.

"जाऊ दे," दौलत म्हणाला, "दुसरी यील." आणि त्यानं डबा घेतला.